मदत हवी आहे: न्यूझीलंडच्या वेस्ट कोस्टवर पावसात गाडीने
नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघं आणि सासूबाई वेस्टपोर्टहून हास्टपर्यंत स्टेट हायवे ६ ने जाणार आहोत. वाटेवरच्या होकिटिकाला वर्षाला साधारण २९०० मिमी पाऊस पडतो, त्यामुळे भिजणं गृहीतच धरलंय. खरी धाकधूक फॉक्स ग्लेशियर गाव ते हास्ट या सुमारे १२० किमीची आहे. तिथे बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज मिळत नाही म्हणतात. टाकी फॉक्सलाच फुल्ल करावी ना? ऑफलाइन नकाशे घेतलेत.

एकेरी पुलांवर आधी कोण जाणार ते बाणांच्या पाटीवरून कळतं, पण मुसळधार पावसात ती वेळेत दिसते का? दरड कोसळून रस्ता बंद झाला, तर एखादा दिवस हाताशी राखावा की दोन? आणि सँडफ्लाय (तिथल्या चावऱ्या बारीक माश्या) चावू नयेत म्हणून नेमकं काय लावता? (सासूबाईंचा ओडोमॉसवर गाढ विश्वास आहे.)