मदत हवी आहे: हॉलिडे होमचे फोटो बिघडतायत

उंबरठा: घर सुट्टीसाठी भाड्याने द्यायचंय, फोटो उद्या संध्याकाळच्या आत चढवायचेत. हॉलमध्ये भरपूर उजेड आहे, पण फोटोत एकतर खिडकी पांढरीफट्ट नाहीतर सोफा काळाकुट्ट. खिडकीतून डोंगर दिसतो तोच तर दाखवायचाय! पटकन सांगा कोणीतरी.

चौकट: मोबाईल की कॅमेरा? खिडकी कुठल्या दिशेला, फोटो किती वाजता काढले, दिवे चालू होते का?

दूरबीण: सरळ डीएसएलआर कॅमेरा आणि वाईड लेन्स भाड्याने आणा. मोबाईलने घराचे फोटो काढूच नयेत.

चौकट: अहो दूरबीण, उद्या द्यायचेत त्यांना. आणि लेन्स बदलून आतला-बाहेरचा उजेड थोडाच सारखा होणार आहे?

उंबरठा: मोबाईल. खिडकी पश्चिमेला. दुपारी चारला, दिवे सगळे लावून.

चौकट: तिथेच गोम आहे. चारला ऊन थेट खिडकीतून आत येतं. सकाळी काढा, ऊन तुमच्या मागून डोंगरावर पडेल. एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक करणारी मोबाईलची सोय) चालू ठेवा, मोबाईल छातीच्या उंचीवर स्टँडवर लावा, २ सेकंदांचा टायमर, आणि ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा) लावून भिंतीच्या कडा सरळ येतायत का बघा. दिवे बंदच, नाहीतर बल्बचा २७०० केल्विनचा पिवळा आणि खिडकीचा निळसर उजेड मिसळून भिंत डागाळल्यासारखी दिसते.

माऊ: दिवे बंद केले की घर ओकंबोकं वाटतं. मी तर नेहमी लावते.

चौकट: बाहेरून काढताना लावा की. सूर्य मावळल्यावर थोडा वेळ आकाश गडद निळं असतं, तेव्हा उजळलेल्या खिडक्या फार सुंदर येतात.

भटकंती: मी पाहुण्याच्या बाजूने बोलतो. कृपा करून मोबाईलमधली ती ०.५ वाली, जास्त रुंद दाखवणारी लेन्स वापरू नका, कडेच्या वस्तू ताणल्या जातात. असेच फोटो बघून आम्ही एक घर घेतलं, खोली ऐसपैस दिसत होती आणि प्रत्यक्षात पलंगाच्या बाजूने अंग चोरून जावं लागायचं. सगळ्या सुट्टीभर चिडचिड.

दूरबीण: ०.५ शिवाय छोटी खोली मावणार कशी?

भटकंती: दारात उभं राहून, समोरच्या कोपऱ्याकडे रोखून. अख्खी खोली मावायलाच हवी असं कुठंय?

गच्ची: ड्रोनने वरून काढा, मस्त येतं.

उंबरठा: ड्रोन नको हो. सकाळी काढतो परत. बाथरूमच्या आरशात मीच दिसतोय, त्याचं काय?

माऊ: दाराच्या बाहेर बाजूला सरकून तिरपा घ्या. आणि कमोडचं झाकण लावा आधी.