प्रतिसाद: तीन स्वर आणि सहा तारा

कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, आणि साधी कॉर्ड तीन स्वरांची असते, तर गिटारच्या इतक्या तारा कशासाठी छेडायच्या, हा वर विचारलेला प्रश्न मालवणात भजनाच्या पेटीवरून गिटारकडे वळताना मलाही पडला होता. सी मेजर म्हणजे सी हा षड्ज धरून सा, शुद्ध गंधार आणि पंचम. गंधार कोमल केला की तीच कॉर्ड मायनर होते. पेटीवर हे स्वर एका सप्तकात सहज दाबता येतात. गिटारवर मात्र खुल्या सी मेजरमध्ये पाचव्या तारेपासून (सहावी सर्वांत जाड, पहिली सर्वांत बारीक) खाली सा, ग, प, सा, ग असे पाच नाद उमटतात, म्हणजे त्यात नवा स्वर नसून सा आणि ग वरच्या सप्तकात पुन्हा आलेले असतात.

स्वर तेच ठेवून त्यांचा क्रम, अंतर आणि पुनरावृत्ती बदलणे म्हणजे व्हॉइसिंग. खुल्या जी मेजरमध्ये (इथे जी हा षड्ज) दुसरी तार मोकळी सोडली तर गंधार दोनदा, पाचव्या आणि दुसऱ्या तारेवर, वाजतो, आणि ती तिसऱ्या फ्रेटवर (गळ्यावरच्या तिसऱ्या पट्टीवर) दाबली तर तिथे पंचम मिळतो. मी स्वतः पाचवी तार मुकी करून दुसरी मोकळी ठेवतो, कारण खर्जातला गंधार मला गढूळ वाटतो. आमच्या खाऱ्या हवेत तारा गंजल्या की अधिकच.

खुल्या सी सेव्हनमध्ये, म्हणजे सी मेजरला कोमल निषाद जोडलेल्या कॉर्डमध्ये, तर तिसरी तार कोमल निषादासाठी खर्ची पडते आणि पंचम गळूनच जातो, तरीही कॉर्ड अचूक ओळखू येते, कारण तिचा स्वभाव गंधार आणि निषाद ठरवतात.