तुमचा आवडता लिनक्स डिस्ट्रो कोणता, आणि तिथेच का थांबलात?

विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून ओळखीतले लोक एकच विचारतायत, लिनक्स टाकायचंय, कुठलं टाकू? (लिनक्सचे बरेच तयार प्रकार आहेत, त्यांनाच डिस्ट्रो म्हणतात.) मशीन धडधाकट असतं, फक्त टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही किंवा प्रोसेसर यादीत बसत नाही म्हणून विंडोज इलेव्हन चढत नाही. आता याला एका शब्दात उत्तर द्यायला जावं तर शेजारचा लगेच दुसरं नाव सांगतो आणि विचारणारा बिचारा परत विंडोजवरच राहतो.

म्हणून हा धागा. "बेस्ट कुठला" ते नकोय, त्यात फक्त मारामाऱ्या होतात. तुम्ही कशावर स्थिरावलात, कशामुळे, आणि त्यातलं काय डोक्यात जातं तेवढं लिहा. डोक्यात जाणारं लिहिलं नाही तर कौतुक ग्राह्य धरलं जाणार नाही :)

सुरुवात मीच करतो. फेडोरा, बरीच वर्षं. नव्या गोष्टी इथे आधी येतात पण अगदीच कच्च्या येत नाहीत. वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा) २०१६ मधे फेडोरा २५ ला डिफॉल्ट झालं, बीटीआरएफएस (फाइल सिस्टम) ३३ ला, पाइपवायर (आवाजाची यंत्रणा) ३४ ला, आणि पाइपवायर आल्यावर माझी ब्लूटूथ हेडफोनची कटकट जी संपली ती संपलीच. डोक्यात काय जातं तर एका व्हर्जनला जेमतेम तेरा महिने सपोर्ट, त्यामुळे वर्षातून एकदा तरी अपग्रेड करावंच लागतं. आणि कोडेक, म्हणजे व्हिडिओ उलगडणारे प्रोग्राम. पेटंटच्या भानगडीमुळे काही व्हिडिओ कोडेक मूळ रिपॉझिटरीत (पॅकेजच्या भांडारात) ठेवता येत नाहीत, आरपीएम फ्यूजन हे बाहेरचं भांडार वेगळं जोडावं लागतं, नवीन माणसाला हे कळेपर्यंत तो "व्हिडिओ चालत नाही" म्हणून पळून गेलेला असतो.

* * *

मिंट, आणि तेही स्वतःसाठी नाही

माझं उत्तर मिंट, सिनॅमन डेस्कटॉपवालं, आईबाबांच्या मशीनवर. डावीकडे खाली मेनू, उजवीकडे खाली घड्याळ, बाबांनी पहिल्या दिवशी विचारलं की हे नवीन विंडोज का, मी हो म्हणून टाकलं. उबंटूच्या एलटीएस (जास्त वर्षं सपोर्ट असलेल्या आवृत्ती) वर बांधलेलं असल्याने एकदा टाकलं की पाच वर्षं बघायला नको (सध्याचं २२ वालं २०२९ पर्यंत आहे). टाइमशिफ्ट आधीच असतं त्यात, फक्त चालू करून ठेवायचं, अपडेटने काही बिघडलं तर मागे जाता येतं, मी फोनवरून "आता रिस्टोअर वर क्लिक करा" एवढंच सांगते आणि त्यांना जमतं.

डोक्यात जाणारं म्हणजे एकदम नव्या लॅपटॉपवर टाकायला गेलं की वायफाय दिसत नाही, कारण एलटीएस चं कर्नल (सिस्टमचा गाभा) त्या चिपपेक्षा जुनं. मग फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट घ्या, नवीन कर्नल टाका वगैरे. जुन्या मशीनला मात्र मिंटसारखं दुसरं नाही असं माझं ठाम मत आहे.

* * *

डेबियन. विषय संपला

बरं, धागाकर्त्याची अट आहे म्हणून लिहितो.

डेबियन १९९३ पासून चालू आहे आणि त्याच्या मागे कुठली कंपनी नाही, स्वयंसेवक चालवतात, नेता निवडायला मतदान होतं, १९९७ पासूनचा त्यांचा लेखी सामाजिक करार आहे. मला हे तांत्रिक कारणांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. कंपनीच्या डिस्ट्रोत उद्या धोरण बदललं की आपण कोपऱ्यात उभे, इथे निदान वादावादी सगळ्यांसमोर होते आणि ती वाचायलाही मजा येते (सिस्टमडी, म्हणजे सिस्टम सुरू करणारी यंत्रणा, तिच्या वेळची भांडणं वाचा एकदा, रात्र जाईल).

पूर्वी इन्स्टॉलरची मुख्य अडचण होती की बंदिस्त फर्मवेअर (वायफाय वगैरे चिपला लागणारं सॉफ्टवेअर) त्यात नसायचं, म्हणजे वायफाय चालू करायला फर्मवेअर हवं आणि फर्मवेअर उतरवायला वायफाय हवं. बुकवर्म पासून, म्हणजे डेबियन १२, २०२३, ते इन्स्टॉलरमधेच आलं. डोक्यात जातं ते जुनं सॉफ्टवेअर, साधारण दोन वर्षांनी नवं स्टेबल येतं, मधल्या काळात आहे त्याच व्हर्जनवर फक्त सुरक्षेचे पॅच. पण जे दोनचार प्रोग्राम ताजे लागतात ते फ्लॅटपॅकने (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणाऱ्या पॅकेजने) घेतो, बाकी सिस्टम शांत पडलेली असते आणि मला तेच पाहिजे.

* * *

उबंटू वापरतो, लाज वाटत नाही

इथे उबंटूचं नाव कोणी घेणार नाही माहिती होतं, म्हणून घेतो. कुठलाही एरर कॉपी करून शोधला की पहिली पाच उत्तरं उबंटूचीच असतात आणि कामाची बाहेरची टूल्स पहिल्यांदा उबंटूचंच पॅकेज देतात. बास, एवढंच कारण. एकेकाळी ते शिपइट नावाने जगभर फुकट सीडी पाठवायचे, २०११ ला बंद केलं, माझी पिढी त्या सीडीवरच लिनक्सला लागली.

डोक्यात जातं: स्नॅप, म्हणजे उबंटूचा स्वतःचा पॅकेज प्रकार. २२.०४ पासून ॲप्टने (नेहमीच्या पॅकेज कमांडने) फायरफॉक्स मागितला तरी स्नॅपच येतो. मी ॲप्ट म्हणालो तर ॲप्ट द्या ना.

* * *

वरच्याला

म्हणून तर मिंटने व्हर्जन २० पासून स्नॅप बंदच करून ठेवलंय. (लांबून बघणारा मिंटवाला)

* * *

आर्च (हो, सांगणारच)

आर्च वापरणारा न विचारता सांगतो असा विनोद आहे, इथे तर विचारलंय.

लोकांना वाटतं आर्च म्हणजे मिरवायला. इन्स्टॉलेशन हाताने करायचं, पार्टिशन, बूटलोडर, नेटवर्क सगळं, त्यात शहाणपणा मिरवण्यासारखं काही नाहीये पण एक होतं, मशीनवर काय आहे ते तुम्हीच टाकलेलं असतं त्यामुळे बिघडलं की कुठे बघायचं हे डोक्यात असतं. आणि आता आर्चइन्स्टॉल आहे, २०२१ पासून अधिकृत आयएसओ (इन्स्टॉलच्या डिस्कची फाइल) मधेच येतं, प्रश्नांची उत्तरं देत जायचं. आर्चविकी तर डेबियनवालेही वाचतात, वाचत नाही म्हणणारा खोटं बोलतो.

रोलिंग असल्याने व्हर्जन नावाचा प्रकारच नाही, अपडेट करत राहायचं. त्याचे नियम मात्र पाळायचे. अर्धवट अपडेट करायचं नाही, म्हणजे नुसती यादी ताजी करून एकच पॅकेज टाकायचं नाही, पूर्ण सिस्टम अपडेट करायची, नाहीतर लायब्ररी नवी आणि प्रोग्राम जुना असा घोळ होतो. अपडेटच्या आधी आर्चच्या बातम्यांवर नजर टाकायची, हाताने काही करावं लागणार असेल तर तिथे लिहिलेलं असतं. मशीन महिनोन्‌महिने बंद राहिलं असेल तर पहिल्यांदा कीरिंग (पॅकेजच्या सह्या तपासायच्या चाव्या), मग बाकीचं.

डोक्यात जाणारं: एयूआर (वापरणाऱ्यांनीच टाकलेल्या स्क्रिप्टचं भांडार) ला लोक ॲप स्टोअर समजतात. कोणीही तिथे बिल्ड स्क्रिप्ट टाकू शकतो, २०२५ च्या जुलैत मालवेअर घातलेली पॅकेजेस सापडली होती तिथे. पीकेजीबिल्ड, म्हणजे तीच स्क्रिप्ट, वाचायचं, वाचता येत नसेल तर एयूआर वापरायचं नाही, याला दुसरा उपाय नाही.

* * *

टंबलवीड, कोणाला आठवत नाही पण आहे

रोलिंग पाहिजे पण आर्चइतकं डोळ्यात तेल घालून बसायचं नाही, तर ओपनसूसे टंबलवीड. प्रत्येक स्नॅपशॉट (अपडेटचा नवा संच) बाहेर पडायच्या आधी ओपनक्यूए नावाची यंत्रणा तो आपोआप इन्स्टॉल करून, क्लिक करून तपासते. तरीही कधीतरी सुटतंच, माझ्याकडे एका अपडेटनंतर ग्राफिक्सच येईना, नुसता काळा पडदा. रीबूट केलं, ग्रब (बूटचा मेनू) मधे डिस्कचा आदल्या दिवशीचा स्नॅपशॉट निवडला, काम चालू, संध्याकाळी स्नॅपर (हे स्नॅपशॉट सांभाळणारं टूल) रोलबॅक मारून तोच कायम केला. बीटीआरएफएस आणि स्नॅपर पहिल्यापासून जोडून दिलेले असतात हे माझ्या लेखी एकट्याने निवडण्यासारखं कारण आहे.

डोक्यात जातं: कोडेकसाठी पॅकमन हे बाहेरचं भांडार जोडावं लागतं आणि ते कधी मुख्य रिपॉझिटरीच्या मागे पडलं की झिपर (पॅकेज कमांड) विचारत बसतं, हे ठेवू का ते ठेवू. अशा वेळी मी रद्द करते आणि दोन दिवसांनी परत बघते.

* * *

एक वेगळा निकष

मी पूर्ण अंध आहे, स्क्रीन रीडरवर काम करतो. वर सगळं वाचलं, छान आहे, पण माझा पहिला प्रश्न असतो की इन्स्टॉलर बोलतो का. दुसऱ्याला बसवून टाकून घ्यायचं असेल तर आवडीनिवडीचा प्रश्नच कुठे येतो.

डेबियनचा इन्स्टॉलर बोलतो. बूट मेनू आला की बीप वाजतो, एस दाबून एंटर मारायचं, पुढचं सगळं इन्स्टॉलेशन आवाजावर होतं, आणि नवी सिस्टम सुरू होते तीही बोलत. कोणाच्या मदतीशिवाय रिकाम्या डिस्कवरून कामाच्या मशीनपर्यंत जाता येतं. आर्चच्या आयएसओ मधेही बोलता पर्याय आहे. ग्नोम डेस्कटॉप असलेल्या लाइव्ह डिस्कवर, फेडोरा वगैरे, ऑल्ट सुपर (विंडोजची की) एस दाबलं की ऑर्का हा स्क्रीन रीडर चालू होतो.

म्हणून डेबियन, आणि डेस्कटॉप माटे. ग्नोमही चालतो पण माटे चे मेनू सरळ आहेत, नवं व्हर्जन आलं म्हणून बटणं इकडची तिकडे जात नाहीत. डोक्यात जाणारं एका डिस्ट्रोचं नाही, सगळ्यांचंच आहे. नवा डेस्कटॉप, नवं टूलकिट, नवा सेटिंग्जचा डबा, पहिल्या दिवशी दिसायला झकास, आणि ऑर्काला त्यात नुसतं "बटण, बटण, बटण" ऐकू येतं. लेबल नंतर कधीतरी येतात. आली तर.

* * *

बोलत्या इन्स्टॉलरबद्दल

इतकी वर्षं डेबियन वापरून तो एस चा पर्याय मला ठाऊक नव्हता. आज पेनड्राइव्हवर करून बघितलं. खरंच सगळं आवाजावर होतं. (वरचा "विषय संपला" वाला)

* * *

डिस्ट्रो नका निवडू, डेस्कटॉप निवडा

अनेक डिस्ट्रो पालथे घातल्यावर माझं मत असं झालंय की रोज ज्याच्याशी गाठ पडते तो डेस्कटॉप असतो, केडीई, ग्नोम, एक्सएफसीई, सिनॅमन. डिस्ट्रोचा खरा फरक दोनच ठिकाणी, अपडेट किती वेगाने येतात आणि बिघडलं तर मागे कसं जायचं. बाकी वॉलपेपर. मी केडीई वाला, त्यामुळे खाली फेडोरा आहे की टंबलवीड हे कित्येकदा मलाच आठवत नाही.

नवीन माणसाने व्हेंटॉय घातलेला पेनड्राइव्ह करावा, त्यात पाचसहा आयएसओ नुसत्या कॉपी करून टाकायच्या आणि एकेक लाइव्ह चालवून बघायची. बघायचं काय तर वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं, आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का. हे शेवटचं कोणी तपासत नाही आणि नंतर सगळे त्याच्यावरूनच रडतात. होम (आपल्या फाइलींचा फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर ठेवलं तर डिस्ट्रो बदलताना फाइली हलवाव्या लागत नाहीत, पण लपलेल्या सेटिंग फाइलीही तशाच राहतात, जुन्या केडीई च्या सेटिंगवर नवा केडीई वेडावाकडा दिसला तर दचकू नका.

* * *

गेमवाला आलो

बॅझाइट. फेडोराच्या ॲटॉमिक प्रकारावर बांधलंय, मूळ सिस्टम फक्त वाचण्यापुरती, अपडेट म्हणजे अख्खी नवी प्रतिमा, नाही चालली तर रीबूट करून मागची. स्टीम, कंट्रोलर, ड्रायव्हर सगळं घालून येतं. २०१८ ला प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं) आलं आणि २०२२ ला स्टीम डेक (त्यातलं स्टीमओएस आर्चवर आहे, आर्चवाले आनंदी), तेव्हापासून विंडोजचे बहुतेक गेम हात न लावता चालतात. ज्यांचं अँटीचीट कर्नलमधे बसतं ते ऑनलाइन गेम नाही चालत, आणि तुमचे सगळे मित्र तोच एक गेम खेळत असतील तर कुठलाही डिस्ट्रो घ्या, उपयोग नाही.

* * *

ऑफिसचं वेगळं असतं

सर्व्हर सांभाळणाऱ्याला आवडता वगैरे काही नसतं, किती वर्षं सपोर्ट ते बघायचं. सेंटॉस ८ (सर्व्हरचा फुकट डिस्ट्रो) ला लोकांनी २०२९ धरून प्लॅन केले होते, डिसेंबर २०२० मधे जाहीर झालं की २०२१ च्या अखेरीस बंद. त्यातूनच अल्मा आणि रॉकी उभे राहिले. आम्ही अल्मावर गेलो, स्क्रिप्ट चालवून जागच्या जागी बदलता आलं, वापरणाऱ्यांना कळलंही नाही. डोक्यात काय जातं विचाराल तर एसइलिनक्स (सुरक्षेची यंत्रणा) सरळ बंद करणारे सहकारी.

* * *

निक्स

अख्खी सिस्टम एका फाइलीत लिहायची, बिल्ड मारायचं, नवं मशीन आलं की तीच फाइल. बाकीचे डिस्ट्रो आता हाताळवत नाहीत. डोक्यात जातं: माहिती दहा ठिकाणी विखुरलेली, आणि नेटवरून उतरवलेला तयार प्रोग्राम बहुतेकदा चालतच नाही कारण तो ज्या फोल्डरमधे लायब्ररी शोधतो ते फोल्डरच इथे नसतं. कोणालाही सुचवत नाही.

* * *

३२ बिटवाले आहेत का कोणी?

दोन जीबी रॅमचं ३२ बिट मशीन आहे, अँटीएक्स टाकलंय, उठतं झटकन. फेडोराने २०१९ ला ३२ बिट सोडलं, डेबियन १३ ला त्याचा इन्स्टॉलर नाही, त्यामुळे पर्याय आटत चाललेत. खरं सांगायचं तर सिस्टम हलकी असून काय, ब्राउझरचे चार टॅब उघडले की रॅम खलास. लिहायला, गाणी ऐकायला आणि घरातल्या फाइली ठेवायला मात्र ठणठणीत.

* * *

देवनागरी टायपिंगचं कोणीच बोललं नाही

इतके प्रतिसाद मराठीत आलेत आणि लिहिता कशाने ते सांगा ना. केडीई वर वेलँडमधे माझं आयबस (टायपिंगची यंत्रणा) अडखळतं.

* * *

टायपिंगबद्दल

केडीई वेलँडला फसीटिक्स ५ (आयबसऐवजी चालणारं) टाका आणि सेटिंग्जमधे व्हर्च्युअल कीबोर्ड म्हणून तेच निवडा, ते केलं नाही तर काही ॲपमधे चालेल काहींत नाही. ग्नोमला आयबस ठीक आहे. इनस्क्रिप्ट येत असेल तर यातलं काहीच नको, मराठीचा कीबोर्ड लेआउट जोडायचा, झालं. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी. हे सगळं कुठल्याही डिस्ट्रोवर सारखंच.

टर्मिनलचं मात्र अवघड आहे, तिथे प्रत्येक अक्षराला ठराविक रुंदीचे चौकोन असल्याने जोडाक्षरं तुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात. मी तरी फाइलींची नावं मराठीतच ठेवतो, टॅब दाबलं की नाव पूर्ण होतं, वाचता आलं नाही तरी उघडते बरोबर.