बी-मेसॉनचा दुर्मीळ क्षय: जे/साय वगळूनही डावीकडे फुगवटा राहतो

जळगाव_एमएस्सी
राम राम मंडळी. एलएचसीबीच्या (सर्नमधला कण-टक्कर प्रयोग) खुल्या डेटात धन बी-मेसॉनचा (एक जड, अल्पायुषी कण) केऑन (हलका मेसॉन) आणि म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) जोडीत होणारा क्षय शोधतोय. म्यूऑन जोडीच्या वस्तुमानाच्या वर्गातले ८ ते ११ आणि १२.५ ते १५ (जीईव्ही-वर्ग) हे जे/साय (म्यूऑन जोडीत फुटणारा चार्म क्वार्कांचा कण) आणि त्याचा जड भाऊ साय-२एस यांचे पट्टे वगळले, तरी आलेखात ५२७९ एमईव्हीच्या (बी-मेसॉनचं वस्तुमान) डावीकडे फुगवटा आहे. सिम्युलेशन नाही. बीडीटी (उदाहरणांवरून सिग्नल आणि पार्श्वभूमी वेगळी करायला शिकणारा प्रोग्राम) कशावर शिकवू? आणि म्यूऑन जोडीच्या क्षयाचं इलेक्ट्रॉन जोडीच्या तशाच क्षयाशी गुणोत्तर काढावं का?

भुसावळकर
भाऊ, एक कोटी बी-मेसॉनांत तुझा क्षय चार-पाच वेळा, आणि जे/सायमार्गे तेच तीन कण सुमारे सहाशे वेळा. जरा गळती झाली तरी सिग्नल बुडतो. नुसते पट्टे वगळून भागत नाही, कारण केऑन आणि म्यूऑनची ओळख आपसात बदलली की घटना पट्ट्याबाहेर निसटते. केऑन आणि विरुद्ध भाराचा म्यूऑन घे, केऑनला म्यूऑनचं वस्तुमान दे. दोघांचं मिळून वस्तुमान ३०९७ (जे/सायचं) जवळ आलं आणि म्यूऑनची ओळख कच्ची असेल तर घटना टाकून दे. म्यूऑनला पायॉन (सर्वांत हलका मेसॉन) मानून ते १८६५ जवळ आलं, तर तो डी-मेसॉन.

फुगवटा बहुतेक हरवलेल्या पायॉनचा आहे, म्हणजे ज्या क्षयांतला एक पायॉन नोंदलाच गेला नाही त्यांचा. त्याने वस्तुमान किमान १४० ने घसरतं, म्हणून फिट ५१७० पासून वर कर.

बीडीटीला सिग्नल म्हणून जे/सायच्या घटना दे, पार्श्वभूमी म्हणून फक्त ५४०० च्या वरच्या. डावीकडच्या देऊ नकोस, त्यांत असे अर्धवट नोंदलेले क्षय मिसळलेले असतात. बी-मेसॉन क्षयाआधी किती लांब गेला (साधारण सेंटीमीटरभर), तीन रेषा एका बिंदूत किती नीट जुळतात, हे गुण वापर. म्यूऑनचा संवेग मात्र नको, तो दोन्ही क्षयांत वेगळा असतो. निवड पक्की होईपर्यंत सिग्नलची खिडकी झाकून ठेव.

धुळेकर
गुणोत्तराच्या नादी आत्ता लागू नकोस, दादा. इलेक्ट्रॉन वाटेत फोटॉन सोडतो, शिखर पसरतं. शिवाय २०२१ मध्ये ०.८४६ आलेला आकडा २०२२ च्या अखेरीस ०.९४९ झाला, म्हणजे प्रमाण प्रारूपाच्या (कणभौतिकीचा प्रस्थापित सिद्धांत) सुमारे १ या अपेक्षेशी जुळला. इलेक्ट्रॉन समजलेल्यांत काही पायॉन-केऑन होते. जे/सायच्या तपासणीत ते दिसले नाहीत, कारण तिथे सिग्नल शंभरपटीहून जास्त असल्याने ही भेसळ झाकली जाते.

जळगाव_एमएस्सी
मग प्रमाण प्रारूपाशी न जुळणारं अजून काय उरलंय?

धुळेकर
म्यूऑनच्या क्षयातली कोनीय मापनं, २०१३ पासून. पण तिथे चार्म क्वार्कच्या वलयांचा (क्षयात क्षणभर निर्माण होऊन विरणाऱ्या जोडीचा) हिशेब नेमका बसत नाही, त्यामुळे नवं भौतिकशास्त्र म्हणायला मी तयार नाही. न्यूट्रिनोच्या क्षयात ही अडचण नाही. २०२३ मध्ये जपानमधल्या बेल-२ प्रयोगाला केऑन आणि न्यूट्रिनो जोडीचा क्षय अपेक्षेच्या सुमारे चौपट दिसला, म्हणजे अपेक्षेपेक्षा २.७ सिग्मा (अनिश्चिततेच्या २.७ पट) वर. तिकडे लक्ष ठेव.