टिळकांच्या तोंडी आपली वाक्यं घालावीत का?

फोंडेकर (धागाकर्ता)

१ ऑगस्टला, टिळकांच्या पुण्यतिथीला, आमच्या गावच्या मंडळाचा एकपात्री प्रयोग आहे. 'केसरी'तले अग्रलेख, १९०८च्या खटल्यातलं भाषण, मंडालेहून लिहिलेली पत्रं, असा सगळा टिळकांच्याच शब्दांचा प्रयोग. मात्र मध्ये एक लांबलचक स्वगत लेखकानं स्वतः लिहून घातलंय. १९१२ साली सत्यभामाबाई गेल्याची तार मंडालेच्या तुरुंगात येते आणि टिळक कोठडीत ढसाढसा रडत बायकोशी बोलतात.

माझा याला ठाम विरोध आहे. तार मिळाल्यावर टिळकांनी भाच्याला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. संकटं शांतपणे सोसायची मला सवय आहे, पण या धक्क्यानं मी बराच हादरलो, अशा अर्थाचं त्यात लिहिलंय. ज्युरीनं दोषी ठरवल्यावरही 'मी निर्दोषच आहे' असं न्यायमूर्ती दावरांना तोंडावर सांगणारा हा माणूस. तो 'हादरलो' म्हणतो, यापुढे आपण काय लिहिणार? पत्र वाचावं आणि थांबावं. रडणं प्रेक्षकांवर सोडावं.

जत्रेतला नट

पत्र वाचून दाखवायचं तर अभिवाचन ठेवा, पगडी-उपरणं कशाला? मी देवळांच्या मंडपात उत्सवी नाटकं करत मोठा झालो. समोर आजीपासून नातवापर्यंत सगळे बसलेले असतात. छापील वाक्य तिथं शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही, त्याला देह लागतो. शिवाय खटल्यातलं भाषण जवळजवळ एकवीस तासांचं आणि तेही इंग्रजीत. तुम्ही ते मराठीत आणून काही मिनिटांवर बसवलंत. ती काटछाट चालते, मग स्वगतावरच राग का?

फोंडेकर

काटछाट केली तरी मूळ भाषण ग्रंथालयात आहे, कुणीही ताडून बघावं. स्वगत कशाशी ताडणार? प्रयोग बघून घरी गेलेला शाळकरी मुलगा उद्या निबंधात लिहील, 'टिळक म्हणाले'. देह द्यायला माझी ना नाही. तार हातात घेऊन नट दोन मिनिटं गप्प बसला तरी मंडप गप्प होतो. आपल्याकडच्या प्रेक्षकाला ते कळतं.

डिचोलीची वाचक

मला दोघांनाही एक विचारायचंय. शब्द टिळकांचेच, पण कुठले? 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' घेतलंत. मुलींचं संमतिवय वाढवणाऱ्या १८९१च्या कायद्याविरुद्ध लिहिलेलं घेतलंत का? १९१७चं अथणीचं भाषण? तेली, तांबोळी, कुणबी यांनी कायदे कौन्सिलात जाऊन काय करायचं, असा त्याचा सूर होता. बहुजन समाजानं मराठी शाळा उभ्या केल्या, त्या गोव्यात हा प्रयोग होतोय. ते भाषण गाळून 'अस्सल शब्दांचा प्रयोग' म्हणणं मला पटत नाही. खोटं वाक्य न घालताही खोटा माणूस उभा करता येतो.

जत्रेतला नट

बाई, पुण्यतिथी आहे. त्या दिवशी हे काढायचं?

डिचोलीची वाचक

त्याच दिवशी. लोक त्याच दिवशी येतात.

फोंडेकर

अथणीबद्दल डिचोलीच्या ताईंशी पूर्ण सहमत. आजच मंडळाला सांगतो.

मडगावकर

हा 'फक्त त्यांचेच शब्द'चा नियम टिळकांना परवडतो, कारण त्यांच्या हातात वर्तमानपत्र होतं. आमच्या माणसांचं काय? पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यात छापण्याआधी सेन्सॉर आणि परवानगीशिवाय सभा नाही. १८ जून १९४६ला मडगावात लोहिया बोलायला उभे राहिले, तर पोलिसांनी त्यांना पकडून नेलं. त्या दिवसाचा प्रयोग तुमच्या नियमानं करायचा तर नट रंगमंचावर येईल आणि परत जाईल. ज्यांना बोलू दिलं नाही, त्यांच्यासाठी नाटककारानं शब्द शोधलेच पाहिजेत. नाहीतर त्या काळात सेन्सॉरनं पुसलं तेच आपण पुन्हा पुसू.

फोंडेकर

मडगावकर, धाग्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा तुमचा आहे. तरी मी म्हणेन, त्या दिवशी मैदानात उभ्या असलेल्या माणसाचं पात्र लिहा. त्याला हवं ते बोलू द्या, तो तुमचाच आहे. लोहियांच्या तोंडी मात्र तुमचं वाक्य नको. पोलीस नेत असताना अर्धवट तुटलेलं बोलणं रंगमंचावर तसंच तुटू दे, राजवट कशी होती ते त्यातूनच दिसेल. आणि सगळेच मुके नव्हते. त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्यांची गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावरची पुस्तिका १९४४ची आहे. लष्करी न्यायालयानं त्यांना शिक्षा देऊन पोर्तुगालला पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. त्या पुस्तिकेचा प्रयोग करायला कोण पुढे येतंय? मी मराठी संहिता करायला बसतो.

मडगावकर

कुन्यांसाठी मी येतो. लोहियांबद्दल तुमचं पटलेलं नाही. साक्षीदार पुढे आला की नेता मागे जातो.

जत्रेतला नट

मीच तो टिळक करणारा, आता सांगतो. काल तालमीत पत्र घेऊन बघितलं. दिग्दर्शक स्वगत सोडायला तयार नाहीत, मीही पुरता तयार नाही. रविवारी दोन्ही पाठोपाठ करून दाखवतो. फोंडेकर, तुम्ही आणि डिचोलीच्या ताई शेवटच्या रांगेत बसा. अथणीचं भाषण कुणाकडे असेल तर येताना आणा.