ऑल्ट-टॅबने विंडो ‘बदलतात’, ‘पालटतात’ की आणखी काही?

नमस्कार. ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी संगणकाची मराठी पुस्तिका लिहिते आहे. एक्सेलमध्ये वसुलीचा तक्ता उघडा, ब्राउझरमध्ये पोर्टल, शिवाय वर्डमध्ये पत्र. ऑल्ट धरून टॅब दाबत यांच्यात पटापट ये-जा करायची, या क्रियेला शब्द हवा आहे. ‘अदलाबदल’ लिहिलं, पण खटकतं. काय सुचवाल?

---

खटकणारच, ताई. अदलाबदलीत दोन वस्तू एकमेकींच्या जागी जातात, जशी लग्नघरी चपलांची होते. इथे फक्त समोर कोण, एवढंच ठरतं.

‘आलटून-पालटून’ आणि ‘आळीपाळीने’ हे शब्द पाहा. ऑल्ट-टॅब एकदा दाबून सोडलं की आधी वापरलेली विंडो समोर येते, पुन्हा दाबलं की पहिली परत. तक्त्यातला आकडा बघायचा, पोर्टलवर भरायचा, पुन्हा तक्ता: हे अस्सल आलटून-पालटून. आळीपाळी दोघांतही चालते, पण तिथे पाळी ठरलेली लागते. ते काम ऑल्ट-एस्केपचं, कारण त्यात विंडो उघडल्याच्या क्रमाने येतात. ऑल्ट-टॅबचा क्रम मात्र सर्वात अलीकडे वापरलेली विंडो आधी असा असतो, म्हणून तो सतत हलतो. त्याला आळीपाळी म्हणू नये, असं माझं ठाम मत.

---

ही दोन्ही क्रियाविशेषणं झाली. क्रियापद? ‘पालटणे’ मला तरी नको. रूप पालटतं, दिवस पालटतात, म्हणजे मूळ गोष्टच वेगळी होते. ‘विंडो पालटा’ वाचून एखादा तिची मांडणीच बदलायला जाईल. ‘बदला’ लिहा. ‘चॅनेल बदल’ म्हटल्यावर कोणी चॅनेलमध्ये फेरफार करत नाही, रिमोटच उचलतो. बोलताना तर सगळे ‘ऑल्ट-टॅब मार’ म्हणतात, ‘एंटर मार’सारखंच. पुस्तिकेत ‘मार’चं ‘दाबा’ करावं लागेल, इतकंच.

---

‘बदला’ एका दाबापुरतं बरोबर. पण ऑल्ट धरून ठेवून टॅब-टॅब करत जातो तेव्हा अजून काही बदललेलं नसतं, आपण शोधत असतो. त्याला ‘चाळणे’ म्हणावं. विंडोज ३.१ मध्ये (१९९२) मधोमध चौकट येऊन एकेका प्रोग्रामचं नाव दिसे, विंडोज ९५ मध्ये सगळी चिन्हं एकत्र दिसू लागली, नंतरच्या विंडोज व्हिस्टापासून चालू विंडोंची छोटी चित्रं. तिन्हींत हात तेच करतो: चाळतो आणि हवी तिथे ऑल्ट सोडतो. हे सोडणं पुस्तिकेत आवर्जून लिहा. नवशिका टॅबसोबत ऑल्टही लगेच सोडतो, मग त्या दोनच विंडोंत फिरत राहतो आणि तिसरी हरवली म्हणून पुन्हा उघडतो.

---

‘चाळणे’ फार आवडला! असं लिहिते:

‘दोन विंडोंत आलटून-पालटून काम करायचे असल्यास ऑल्ट-टॅब दाबून सोडा. जास्त विंडो उघड्या असल्यास ऑल्ट धरून ठेवा, टॅबने चाळा, हवी ती विंडो आली की ऑल्ट सोडा. पुढे निघून गेलात तर शिफ्टही धरा, म्हणजे उलट चाळता येईल.’

---

छान. फक्त हाच मजकूर मॅकवाल्यांना देऊ नका. तिथे कमांड-टॅब प्रोग्रामांमधून फिरवतं, एकाच प्रोग्रामच्या दोन विंडो त्यात वेगळ्या दिसत नाहीत. त्यांच्यासाठी ‘प्रोग्राम चाळा’ लिहावं लागेल.