नातवाची पाचवी आणि राखेची पुडी

बी-२०४ काकू: उद्या नातवाची पाचवी, संध्याकाळी सगळ्यांनी या. एक विचारायचं होतं. नाळ अजून पडली नाही. यावलहून चुलत सासूबाई आल्यात, त्यांनी गोवरीची राख आणलीय. तेलात कालवून लाव म्हणतात.

ए-१०१ वहिनी: आम्ही हळद-तेल लावलं होतं काकू, काही झालं नाही.

सी-३०२ सिस्टर: काकू, राख लावली का? आधी ते सांगा.

बी-२०४ काकू: नाही अजून.

सी-३०२ सिस्टर: मग लावूच नका. हळद, तेल, पावडर, काहीच नको. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात आणि नाळ म्हणजे उघडी जखम. धडगावकडे नोकरीला असताना एक बाळ पाहिलंय. नाळ विळ्याने कापलेली. दोन-तीन दिवस छान दूध प्यायलं, सहाव्या दिवशी तोंडच उघडेना. दार वाजलं तरी अंग ताठ होऊन मागे वाकायचं. बाळ शुद्धीत असतं हो, सगळं सोसत असतं. ते गेलं.

बी-२०४ काकू: माय वं!

ए-४०३ भाऊ: सिस्टर, हिला सहावा महिना आहे, कालच टीडी दिलं. म्हणजे धनुर्वाताचं टीटी इंजेक्शनच ना?

सी-३०२ सिस्टर: त्यात घटसर्पाचीही लस आहे. खरं तर दिवस गेल्याचं कळताच घ्यायचं. आता ४ आठवड्यांनी दुसरा डोस चुकवू नका. आईच्या अंगातली ताकद वारेतून बाळाला मिळते. बाळाची स्वतःची धनुर्वाताची लस, म्हणजे पेंटा, ६ आठवड्यांनंतर, तोवर आईचंच कवच. वहिनी, तुमच्या बाळालाही त्यानेच तारलं असेल.

ए-१०१ वहिनी: पण २०१५ मध्ये बाळांचा धनुर्वात देशातून गेला म्हणून जाहीर झालं ना?

सी-३०२ सिस्टर: त्याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात १००० जन्मांमागे एकापेक्षा कमी बाळांना तो होतो. देवी गेली तसा हा जात नाही, जंतू मातीत आहेतच. काकू, नाळ कोरडी ठेवा, लंगोट बेंबीखाली दुमडा, ओढू नका. आपोआप पडेल. बेंबीभोवती लाली, पू, वास आला किंवा दूध ओढणं सोडलं तर रात्र असली तरी १०८ लावा.

बी-२०४ काकू: सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांचा पहिला मुलगा आठव्या दिवशी असाच ताठून गेला होता. आम्हाला कधी बोलल्या नव्हत्या. पुडी स्वतःच उचलून बाहेर टाकली त्यांनी.

सी-३०२ सिस्टर: त्यांच्याजवळ बसा थोडं. मी येतेच. बाळ दूध ओढतंय ना?

बी-२०४ काकू: ओढतंय.